प्रीतीचा तास

आमची शाळा तिसऱ्या मजल्यावर होती. डोंबिवली पूर्वेला, शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, एका भाड्याच्या वन बीएचकेमध्ये. पटावर दोन विद्यार्थी, एक मुलगी आणि एक मुलगा, दोघंही माझीच. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, परीक्षक आणि कारकून मी. घंटा वाजवायचं काम नवऱ्याकडे होतं. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीला आहे, आणि त्या वर्षी त्याला बहुतेक दुसरी पाळी असायची, त्यामुळे सकाळचा तो घरी सापडायचा.

मुलांना घरी शिकवायचं हे काही आम्ही आधीपासून ठरवलेलं नव्हतं. लॉकडाऊनमध्ये मुलीची शाळा मोबाइलवर आली. तिच्या शेजारी बसून सगळं मीच समजावत राहिले. त्याआधी अकरा वर्षं मी कल्याणच्या एका शाळेत शिकवत होते, त्यामुळे ते जमूनही गेलं. शाळा पुन्हा उघडली तेव्हा मुलगी म्हणाली की तिला घरीच बरं वाटतं. आम्ही ख्रिस्ती. आमच्या मंडळीतली ठाण्याची दोन कुटुंबं आधीपासून मुलांना घरी शिकवत होती आणि त्यांची मुलं मोठ्यांशी डोळ्याला डोळा भिडवून बोलायची. आम्ही पुष्कळ दिवस प्रार्थना केली आणि मग ठरवलं. मुलगा तर शाळेत कधी गेलाच नाही.

ठरवलं खरं, पण त्या दिवसापासून मला उत्तरं द्यावी लागायला लागली. रिक्षावाले, भाजीवाली, लिफ्टमधली अनोळखी माणसं, सगळी मुलांना पहिला प्रश्न तोच विचारायची, कोणत्या शाळेत जाता. संगमनेरहून सासूबाई दर रविवारी फोनवर चौकशी करायच्या की मुलं सकाळी उठतात तरी का. माझ्या मनाने घेतलं की घरात शाळा असेल तर ती शाळेसारखी दिसली पाहिजे. नौपाड्यातल्या भांड्यांच्या दुकानातून मी पितळेची घंटा आणली. गणवेश शिवून घेतले. हजेरीपत्रक आणलं, त्यात दोन नावं लिहिली आणि उरलेल्या सगळ्या ओळींवर तिरकी रेघ मारली.

मग नियम आले. सकाळी आठ ते दुपारी एक घर हे घर नसायचं. हॉल म्हणजे वर्ग, बेडरूम म्हणजे वाचनालय, स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा आणि गॅलरी म्हणजे मैदान. त्या पाच तासांत मुलांनी मला आई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं. एकची घंटा झाली की मी आई. हा नियम मला फार आवडायचा. शाळेत शिकवत असताना माझ्या वर्गातल्या एका मुलाने चुकून मला आई म्हटलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता. तसं आमच्याकडे होऊ नये, असं मला वाटायचं. आमच्याकडे हसायला एक बहीण सोडून कुणी नव्हतं, हे तेव्हा सुचलं नाही.

एकदा मुलगा मैदानावर, म्हणजे गॅलरीत, कुंडीला अडखळून पडला आणि त्याचा गुडघा फुटला. साडेअकरा वाजले होते. तो दारात येऊन उभा राहिला, हात वर केला आणि म्हणाला, "मॅडम, माझं रक्त येतंय, मी आत येऊ का?" मी त्याला आत घेतलं, प्रथमोपचाराच्या डब्यातून औषध लावलं आणि नोंदवहीत नोंद केली. तो रडला नाही. मला त्याचं कौतुक वाटलं.

त्याला ताप आला तेव्हा पालकांची चिठ्ठी लागणार होती. मी रात्रीच मुख्याध्यापिकेला उद्देशून अर्ज लिहिला, सकाळी आठला तो स्वतःच वाचला, आणि दोन दिवसांची रजा मंजूर केली. तिसऱ्या दिवसाची केली नाही. नवरा नाश्ता करत होता. त्याने अर्ज उचलून वाचला, खाली ठेवला आणि चटणी मागितली.

अशात ठाण्याला नौपाड्यात आमच्यासारख्या पालकांची एक सभा झाली, एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये. चार मुलांना घरी शिकवलेल्या एक वयस्क बाई बोलायला आलेल्या. आवाज इतका हळू, की पंखे बंद करावे लागले. त्या म्हणाल्या, गणित राहिलं तर राहू द्या, व्याकरण उद्या होईल, पण प्रीतीला पहिली जागा द्या. आजूबाजूच्या कितीतरी बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले. वहीत लिहून घेतलं, "प्रीती - पहिली." त्याखाली दोन रेघा मारल्या.

परतीच्या बसमध्ये मी वेळापत्रक काढलं. पहिला तास गणिताचा होता. तो खोडून तिथे प्रीती लिहिलं, आठ दहा ते आठ पंचेचाळीस. गणित दुसऱ्या तासाला गेलं, मराठी तिसऱ्या, आणि शेवटी चित्रकलेला जागा उरली नाही.

आता मागे वळून बघताना मला स्वतःचं नवल वाटतं, पण तेव्हा मी अगदी मनापासून तयारी केली. प्रीतीची व्याख्या, प्रीतीचे प्रकार, प्रीतीचे फायदे. मुलं सुवाच्य अक्षरात लिहून घ्यायची. शुक्रवारी प्रात्यक्षिक असायचं. पाच मिनिटांत भावंडाने भावंडासाठी प्रीतीचं एक कृत्य करायचं आणि मी घड्याळ लावून निरीक्षण करायचं. मुलगी यात तरबेज होती. ती भावाचे केस विंचरून त्याच्याकडे प्रेमाने बघायची, आणि बघता बघता घड्याळाकडेही बघायची. मुलगा एकदा बहिणीसाठी पाणी आणायला गेला आणि पेला अर्धाच भरून आणला. मी अर्धा गुण कापला.

गृहपाठही होता. घरी आईला कामात मदत करा आणि वहीत आईची सही घ्या. मुलाने संध्याकाळी बसून वाटाणे सोलून दिले. सही करायची माझ्या डोक्यातून गेली. सकाळी वही तपासली तर सही नाही. मी लाल पेनने "अपूर्ण" लिहिलं. तो म्हणाला की मॅडम, तुम्ही बघितलं ना, तुम्ही समोरच होतात. मी त्याला समजावलं की घरी काय झालं ते शाळेला माहीत असू शकत नाही. त्याने मान हलवली. तो तेव्हा आठ वर्षांचा होता आणि नियम त्याला नीट समजायचे.

तिमाहीला मी प्रीतीची लेखी परीक्षा घेतली. वीस गुण. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कारणे द्या: शत्रूवर प्रीती का करावी? आणि प्रश्न चौथा, शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे पाच मार्ग लिहा. दोघांना हॉलच्या दोन टोकांना बसवून मी मधे येरझाऱ्या घालत होते. कुकरची शिट्टी झाली म्हणून गॅस बंद करायला गेले, तेवढीच माझी पाठ वळली असेल.

पेपर तपासताना मुलाच्या चौथ्या प्रश्नाशी मी थांबले. त्याने लिहिलेलं, "शेजारच्या काकूंना पावसात भिजताना बघून मी माझी ओढणी देईन." मुलीचा पेपर काढला. तिथे तेच वाक्य.

मुलाने लगेच कबूल केलं. मुलीने त्याहून लवकर कबूल केलं, की तिनेच पेपर वळवून धरलेला, कारण तो रडायला लागला होता. त्याला शेजारी म्हणजे नक्की कोण ते आठवत नव्हतं. मी दोघांनाही त्या प्रश्नात शून्य दिलं. मुलीच्या पेपरवर शेरा लिहिला, "प्रीतीच्या विषयात असे वर्तन शोभत नाही." मुलाने नक्कल केलेली, म्हणून त्याला तीन दिवसांसाठी शाळेतून काढलं, आणि तशी सूचना चुंबक लावून फ्रिजवर चिकटवली.

सोमवारी आठला नवऱ्याने घंटा वाजवली. मुलगा गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून उभाच होता. मी त्याला आठवण करून दिली की त्याला वर्गात बसता येणार नाही. तो बेडरूमकडे निघाला, मग थांबला. बेडरूम म्हणजे वाचनालय होतं. स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा. गॅलरीत जायची सोय नव्हती, ते मैदान होतं. त्याने एकेका दाराकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मग मी कुठे बसू, मॅडम?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी हजेरी घ्यायला लागले. मुलाने स्वतःच दार उघडलं, चपला घातल्या आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. मी दार अर्धवट उघडं ठेवलं, म्हणजे त्याचं दप्तर दिसेल. दहाला बघितलं तर दप्तर नव्हतं.

मी चारही मजले धावत पालथे घातले. तळमजल्यावर आमची घरमालकीण राहायची. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, खणखणीत आवाजाची बाई. ती इथली मूळची. ही इमारत उभी आहे ती त्यांच्याच भाताच्या शेतावर. सगळे तिला बाय म्हणायचे. तिचा नवरा, सगळ्यांचे बाबा, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला, त्याची वाचाही गेलेली. दोघंच राहायची, म्हणजे तशी मुलं-सुना वरच्या गावात होती, पण बाय जागा सोडायला तयार नव्हती. मी तीन वर्षांत त्यांच्या घरात बसले नव्हते. दारातून बोलायचे. खरं कारण असं की आत गेलं की देवापुढचा प्रसाद हातावर ठेवतील आणि नाही कसं म्हणायचं ते मला कळत नव्हतं.

बाय दारातच होती. माझा चेहरा बघून म्हणाली, "हाय इकरं. घाबरू नको."

आत मुलगा म्हाताऱ्या बाबांच्या पलंगाशी खाली बसून सुकटीतला कचरा निवडत होता. मी त्याला वर चल म्हटलं. तो म्हणाला की त्याला अजून अडीच दिवस येता येणार नाही. बायने विचारलं की वर कसली शाळा हाय आणि पोराला का काढलाय. मी शक्य तितकं सांगितलं. ऐकताना तिने एकदाही हसू दाखवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, बरं, तीन दिस मी सांभाळते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मुलगा घरी आला, एकची घंटा होईपर्यंत बाहेर थांबला, आणि आत येऊन म्हणाला की त्याला शाळा बदलायची आहे. बायच्या शाळेत जायचंय. पण बाय दाखल्याशिवाय घेत नाही.

ही थट्टा असेल असं समजून मी खाली गेले. बाय थट्टा करत नव्हती. गावच्या शाळेला जागा तिच्या सासऱ्यांनी दिलेली, त्यामुळे ती कितीतरी वर्षं शाळेच्या समितीवर होती. कागदावर अंगठा उठवायची, पण कायदे तोंडपाठ. म्हणाली की दाखल्याबिगर पोर घेतला तर उद्या तूच बोलशील, बायनी माझा इद्यार्थी पळवला. तिचं म्हणणं बरोबर होतं. तेवढंच मला त्या क्षणी कळलं, आणि मी वर येऊन दाखला लिहिला. शाळा सोडल्याचं कारण, "पालकांच्या इच्छेनुसार." वर्तणुकीशी आल्यावर मी बराच वेळ थांबले. नवरा जेवत होता. मी विचारलं की समाधानकारक लिहू का. तो म्हणाला, "अगं, चांगली लिही. पोराला पुढे अडचण नको." मी "चांगली" लिहिलं, शिक्का नव्हता म्हणून त्याजागी आडवी सही केली, आणि मुलगा तो कागद दोन्ही हातांत धरून खाली गेला.

त्यानंतर तो रोज आठला जायचा आणि एकला परत यायचा. घरी आल्यावर मला आई म्हणायचा, जेवायचा, आणि खाली काय शिकवतात ते विचारलं तर म्हणायचा की शाळेतलं घरी कसं सांगणार. माझंच शिकवणं होतं ते.

आठवड्यात मुलगी कुरकुरायला लागली. एकटीला वर्गात करमत नाही, जोड्या कुणाशी लावायच्या, प्रात्यक्षिक कुणावर करायचं. एके दिवशी तिने शाळा सोडण्याचा, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेला अर्ज माझ्या टेबलावर ठेवला. मी तो नामंजूर केला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा ठेवला, आणि खाली बापाची सही होती. मग मला तिचाही दाखला लिहावा लागला.

पुढच्या सोमवारी पावणेआठला दोघंही गणवेश घालून खाली निघून गेली. मी साडी नेसून टेबलाशी बसले. आठ वाजले. नवरा हातात घंटा घेऊन उभा होता. त्याने विचारलं, "वाजवू की नको, तेवढं सांग." मी वाजव म्हटलं. त्याने वाजवली. मी हजेरीपत्रक उघडलं, बंद केलं. फळ्यावर तारीख लिहिली. पहिला तास प्रीतीचा होता, तो मी पूर्ण बसून काढला. नवरा समोरच्या सतरंजीवर बसून होता, उठून जाणं त्याला बरं वाटलं नसावं. मग त्याने हात वर केला आणि चहा करू का म्हणून विचारलं.

असे चार दिवस गेले. मी रोज प्रार्थना करायचे, की प्रभू, मुलांना परत आण. दुसरं काही मागायचं सुचत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मुलीने एक लिफाफा आणला. आत तिच्याच अक्षरात सूचना होती. "पालक सभा. शनिवार सकाळी अकरा वाजता. दोन्ही पालकांनी वेळेवर यावे. चपला बाहेर काढाव्यात."

नवऱ्याने चर्चला घालतो तो शर्ट घातला. आम्ही दहा मिनिटं आधी गेलो. बायने आम्हाला प्लास्टिकच्या दोन स्टुलांवर बसवलं. ती पलंगाच्या कडेला, बाबांच्या पायाशी बसली. मुलं भिंतीला टेकून खाली. मी सवयीने खोली बघून घेतली. फळा नव्हता, पुस्तक नव्हतं. कोपऱ्यात देव्हारा, त्यांची देवी, समोर निरंजन. चहा आला आणि बशीत खारी आली. बाय सहज म्हणाली की पोराने पहिल्याच दिवशी सांगितलं, आमच्यात प्रसाद खात नाहीत. मग ती बोलली, तर खारी खा. तीन वर्षं मी जे टाळत होते ते यांनी अर्ध्या मिनिटात उरकलेलं.

मग तिने मुलांची प्रगती सांगितली. मुलीला बाबांच्या सगळ्या गोळ्या ओळखता येतात, कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, आणि कागदावर लिहून तिने तो पलंगाला टांगलाय. मुलगा बाबांना कुशीवर वळवायला शिकला. आधी हात कुठे ठेवायचा, मग गुडघा कसा दुमडायचा. बाबांनी डावी भुवई उचलली की पाणी, डोळे मिटून घट्ट दाबले की दुखतंय. हे बायलाही माहीत नव्हतं, मुलाने बघून बघून शोधलेलं. सकाळी दोघं बाबांसाठी आपल्या देवाकडे प्रार्थना करतात, आणि मग बाय तिच्या देवीला सांगते. तिला वाटतं कोणीतरी ऐकेल.

नवऱ्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं की मुलगा दंगा तर करत नाही ना.

बाय म्हणाली की तक्रार एकच हाय. ती माझ्याकडे वळली. मुलाच्या दप्तरातला पेपर तिने आधीच काढून घेतलेला. तिने मुलीला चौथा प्रश्न वाचायला सांगितला. मुलीने वाचला, "शेजाऱ्यावर प्रीती करण्याचे पाच मार्ग लिहा."

"शेजारी म्हंजे कोन? मीच ना?" बाय म्हणाली. मी हो म्हटलं. तिने विचारलं की वर राहायला येऊन किती वर्षं झाली. मी तीन सांगितली. मग तिने बोटं मोजली. एकदा मी टाकीचं पाणी गढूळ येतं म्हणून आलेले, एकदा मोटारीचा आवाज होतो म्हणून, आणि एकदा मांडवाचा लाउडस्पीकर कमी करा म्हणून. तीन बोटं दाखवून तिने हात खाली ठेवला. रागाने नाही. पटावरची नोंद वाचावी तसं.

मी माझं चुकलं म्हटलं. ती म्हणाली की ते ऱ्हाऊ दे, तक्रार ही नाय. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाली, "पोऱ्या मना रोज इचारतो, बाय, एक कवा वाजल. मी बोलली, एक वाजून तुला काय करायचाय. तर बोलतो, एक वाजला का मॅडम जाते नं आई येते."

बाबा पलंगावरून माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात अर्धी खारी होती आणि तिचा चुरा साडीवर पडत होता, तोच मी वेचत राहिले. आईला आठ ते एक कुठे पाठवते मी, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. ती त्याच खोलीत असायची, त्याच साडीत, आणि हा मुलगा तिची वाट बघत बसायचा.

मुलगा उठून माझ्याजवळ आला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेबारा झाले होते. त्याने हळूच विचारलं, "आत्ता कोण आहेस?"

"आई," मी म्हटलं.

"अजून वाजले नाहीत."

"नाही वाजले तरी."

मग त्याने चड्डीचा काठ वर केला आणि गुडघा दाखवला. खपली कधीच पडून गेलेली, फक्त गुलाबी डाग उरला होता. "आता नाही दुखत," तो म्हणाला, "पण तेव्हा खूप दुखलेलं." मी त्या डागावर हात ठेवला, आणि मग तो रडला. इतक्या दिवसांचं साठलेलं, अगदी मोठ्याने. बाबांनी डोळे घट्ट मिटले. बाय घाईने उठली, तिला वाटलं काही दुखतंय. पण मुलगा रडता रडताच म्हणाला की नाही, त्यांना झोपायचंय.

सभा तिथे संपली. नवऱ्याने जाता जाता बाबांना खांद्याखाली हात घालून नीट वर सरकवून दिलं, आणि बायने त्याला शेरा दिला, हा कामाचा हाय.

त्यानंतर मी सुधारले असं म्हणायचा मोह होतो. तसं काही झालं नाही. सोमवारी मी मुलांना घरी ठेवून घेतलं, वेळापत्रक काढून टाकलं, आणि बुधवारी पुन्हा मुलाच्या वहीत लाल पेनने "अक्षर सुधारा" लिहिलं. फरक एवढाच की तो "आई, हे काय गं" म्हणाला आणि मी पेन खाली ठेवलं. सकाळी आम्ही तिघं आधी बायकडे जायचो. मी बाबांच्या डोक्याला तेल लावायचे, मुलगी गोळ्या द्यायची, मुलगा भुवया वाचायचा. बाय माझ्यावर खेकसायची, की तेल किती ओततंस, भजी तळायचीत का. मग वर येऊन जो विषय हाताला लागेल तो घ्यायचो. चित्रकला परत आली. प्रीतीच्या वह्या मी कपाटावर टाकल्या, फेकायचं धाडस झालं नाही. आत इतकं सुरेख अक्षर होतं.

बाबा दिवाळीनंतर गेले. घर माणसांनी भरलं, सगळा गाव आलेला. आम्ही कोण, कुठले, असं कुणी विचारलं नाही. तेराव्यापर्यंत मी खाली चहा करत होते. मुलगा काही दिवस कुणाच्याही भुवया बघत बसायचा.

मग मेमध्ये मुलगी म्हणाली की तिला खऱ्या शाळेत जायचंय. मला वाटलं पुन्हा बायचं काहीतरी. पण ती म्हणाली तसं नाही, जिथे खूप मुली असतात तशी शाळा. मी दोन रात्री नीट झोपले नाही. इतकी वर्षं लोकांना उत्तरं दिली, आता उलटी उत्तरं द्यावी लागणार होती. ठाण्याच्या त्या दोन कुटुंबांना कसं सांगायचं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला की तिला काय हवंय ते तिने सांगितलंय, आणि तुला काय हवंय तेही आपल्याला माहीत आहे, तर आता बघ. एवढं मोठं वाक्य तो क्वचित बोलतो.

जूनमध्ये तिला रिक्षाने सोडायला गेलो, मी आणि मुलगा. फाटकाशी तिने माझ्याकडे वळून पाहिलं, मी हात हलवला, आणि ती मुलींच्या घोळक्यात अशी मिसळली की दुसऱ्या क्षणी मला कुठल्या दोन वेण्या तिच्या ते सांगता येईना.

मी आणि मुलगा परत आलो. घरी पोहे केले, ते घेऊन आम्ही गॅलरीत बसलो. समोरच्या रस्त्यावर मेट्रोचं काम चाललंय. एक अवाढव्य क्रेन तुळई उचलून खांबांवर ठेवत होती. मी विचारलं की आज काय शिकूया. तो म्हणाला, हे ठेवतात ते बघूया आधी. मला वाटलं पंधरा मिनिटांचं काम असेल. तुळई हवेत लोंबकळत राहिली, खाली माणसं झेंडे दाखवत होती, एकमेकांवर ओरडत होती, मग क्रेनवाला उतरून चहा प्यायला गेला. मुलगा माझ्या मांडीवर डोकं टेकून बघत होता. पोह्यांची बशी माझ्या हातातच होती आणि ती ठेवायला उठावं लागलं असतं. दुपार झाली, ऊन गॅलरीत आलं. तुळई अजून वरच होती.